क्लाराची जागा

"हे बाबा," मिस क्रायडर म्हणाल्या. "ही आजी. आणि हे पिवळसर दिसतंय ना, तो माझा भाऊ. अकरा महिन्यांचा होता, म्हणून एवढासाच."

जेवणाच्या टेबलावर लाकडी चौकट आडवी ठेवली होती. तिची काच मी नुकतीच काढून बाजूला उभी केली होती. आत पिवळट पडलेल्या रेशमावर फुलांचा हार होता, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तोंड वरच्या बाजूला. गुलाब, पानं, कळ्या, पाच पाकळ्यांची बारीक फुलं. सगळी माणसांच्या केसांची. दोऱ्यासारख्या तारेवर केस वळवून केलेली.

"आणि मधे?" मी विचारलं. नालेच्या पोटात तळहाताएवढी जागा मोकळी होती. तिथलं रेशीम बाकीच्यापेक्षा पांढरं होतं.

"मधली जागा सगळ्यात शेवटी गेलेल्याची. पुढचं कुणी गेलं की आधीच्याला कडेला सरकवायचं, हारात. बाबा १९११ ला गेले, ते सात वर्षं मधे होते. मग क्लारा गेली. आईने बाबांना सरकवलं, जागा केली, आणि तिथेच थांबली."

क्लारा त्यांची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी फिलाडेल्फियाला नर्सिंग शिकायला गेली आणि महिन्याच्या आत फ्लूच्या साथीत मेली. तिथे त्या आठवड्यात इतकी माणसं मरत होती, की शवपेट्या मिळेनात. तिला बाकीच्यांबरोबर एका खड्ड्यात पुरलं. घरी काहीच आलं नाही, तिची बॅगसुद्धा.

"आई त्या हिवाळ्यात रोज ही चौकट मांडीवर घेऊन बसायची. तिचे हात चालेनात. मला ते काम येत नव्हतं. गावात ते काम येणाऱ्या दोघी होत्या, त्याही त्याच साथीत गेल्या."

हे १९७८ च्या ऑक्टोबरातलं, पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावातलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. माझा नवरा पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, मुलगी मृदुला चार वर्षांची. गावच्या संग्रहालयाला वस्तूंची कार्डं टाइप करणारं माणूस हवं होतं. सांगलीच्या एका दैनिकात मी दोन वर्षं काम केलं होतं. टायपिंग येत होतं आणि मोजमाप न चुकवता लिहायची सवय होती. त्यांनी मला ठेवून घेतलं.

मिस क्रायडर ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, मागे कुणी नव्हतं. त्यांनी घर सगळ्या वस्तूंसकट संग्रहालयाला दिलं होतं: रंगवलेल्या लाकडी पेट्या, हातमागावरच्या निळ्या-पांढऱ्या चादरी, लाल मातीच्या ताटल्या, रजया. एक नोव्हेंबरला त्या वृद्धाश्रमात जाणार होत्या. त्या दिवसापासून घर संग्रहालयाचं, आणि संग्रहालयाचा नियम असा की ताब्यात आलेल्या वस्तूत काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. तोपर्यंत मी रोज सकाळी जाऊन एकेका खोलीची कार्डं करत होते. माझं आडनाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या मला 'मिसेस कुमुद' म्हणायच्या.

मी हारावर वाकून एक पाकळी नीट पाहिली. तारेभोवती केसांचे वळसे होते, एकसारखे, एकमेकांना चिकटून.

"माझ्या आत्याला हे जमलं असतं," मी म्हणाले. "सांगलीला ती नाटक कंपन्यांसाठी गंगावनं करायची. म्हणजे खोट्या वेण्या. विंचरताना गळलेले केस विकत घ्यायचे, मुळं एकीकडे, टोकं एकीकडे लावायची आणि दोऱ्यात गुंफायचे. सुट्टीत मीही तिच्या हाताखाली बसायचे. ही तार तर सोपी आहे."

मिस क्रायडर एकदम खुर्चीच्या हातावर भार देऊन अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"तुम्ही करू शकाल?"

"एक फूल? हो. दोन-तीन दिवस लागतील."

"साठ वर्षं," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं मी विचारतेय लोकांना." त्यांनी माझा हात धरला. "वर जा. जिन्याच्या डाव्या हाताची खोली. आरशापुढे चिनीमातीची डबी आहे, झाकणाला भोक असलेली. ती आणा. माझे गुडघे धड असते तर मीच पळाले असते."

मी जागची हलले नाही.

ती डबी मला माहीत होती. सोमवारीच मी त्या खोलीची कार्डं केली होती. गुलाबी फुलांची डबी, उंची तीन इंच, झाकणाच्या मधोमध बोटभर भोक. भोक कशाला ते मला कळलं नव्हतं. झाकण उघडलं तर आत गुंतवळ, तपकिरी, लिंबाएवढं. आमच्या घरी गुंतवळ पडलेलं दिसलं तर आई ओरडायची. विंचरून झालं की केस बोटाभोवती गुंडाळायचे, तीनदा थू थू थू करायचं आणि बाहेर टाकायचे. आत्याकडून आले की आई मला परसात हातपाय धुवायला लावायची आणि मगच आत घ्यायची. मी विचार केलाच नाही. गुंडाळलं, थुंकले, कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. डबी पुसली. कार्डावर शेवटी टाइप केलं: रिकामी.

कचऱ्याची गाडी बुधवारी येऊन गेली होती. आज गुरुवार.

"मिसेस कुमुद?"

मी वर गेले. खोलीत उभी राहिले. डबी हातात घेतली आणि पुन्हा ठेवली. खाली येऊन म्हणाले, "डबी फोटोसाठी संग्रहालयात नेलीय. सोमवारी आणते."

"केसांसकट ना?"

"हो."

"जपून म्हणावं. आम्ही विंचरलेले केस त्या भोकातून आत टाकायचो. अंबाड्यात भर घालायला लागायचे. ते तिने जायच्या दिवशी सकाळी टाकलेले आहेत. नंतर मी त्या डबीत एक केस टाकला नाही."

दुपारी मी मृदुलाला शेजारी सोडलं आणि गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डेपोवर गेले. तिथला माणूस बुलडोझरवर बसून सँडविच खात होता.

"बुधवारचा माल त्या तिकडे," तो म्हणाला. "आता सहा फूट खाली असेल, मातीसकट. काय गेलं? अंगठी?"

"केस."

त्याने माझ्या वेणीकडे पाहिलं. तेव्हा ती कमरेपर्यंत होती. "बरेच उरलेत की," तो म्हणाला. पण बुलडोझर बंद करून खाली उतरला आणि अर्धा तास माझ्याबरोबर काठीने उकरत फिरला. मग म्हणाला, "बाई, हे मी माझ्या बायकोच्या कवळीसाठीसुद्धा केलं नव्हतं. घरी जा."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं.

"सांगून टाक," हे म्हणाले. "माफी माग. म्हातारी काय करील?"

"साठ वर्षं ठेवलं होतं हो तिने."

"मग सांगू नकोस. तपकिरी केस बाजारात मिळतात. तिला फूल हवंय ना, फूल दे. कुणाचं नुकसान झालं?"

"अहो, ते तिच्या बहिणीचे होते."

"होते," हे म्हणाले. "आता नाहीत. ते काही तू परत आणणार नाहीस. दोनच वाटा आहेत, दोन्ही वाईट. कमी वाईट बघ."

मला ह्यांचा राग आला, कारण तिसरी वाट मलाही दिसत नव्हती.

शुक्रवारी मी बसने पन्नास मैल गेले आणि केसांच्या टोपांच्या एका दुकानातून तपकिरी केसांची लड घेतली. दुकानदाराने तपकिरीतच मला सात छटा दाखवल्या. सोमवारी डबीत पाहिलेला रंग मी आठवून आठवून निवडला. शनिवार-रविवार स्वयंपाकघरात बसून फूल केलं. पहिलं मोडलं, दुसरं बरं झालं, तिसरं मिस क्रायडरांच्या आईच्या फुलांशेजारी ठेवलं असतं तर ओळखू आलं नसतं. बोटांना आत्याचं सगळं आठवत होतं. मृदुला टेबलाला हनुवटी टेकून बघत होती. "मला?" तिने विचारलं. मी फूल उंच धरलं.

सोमवारी मिस क्रायडर दारातच उभ्या होत्या. कॉलरला खड्यांची पिन लावली होती. चौकट टेबलावर तयार होती, काच काढून ठेवलेली. जवळच एक जुनं पाकीट होतं.

"हे आईचे केस," त्यांनी पाकीट दाखवलं. "१९३१. मी तेव्हाच म्हटलं होतं, शहरातून कुणी शोधते, तुझं फूल करून घेते. ती म्हणाली, क्लारा आधी. ती आत गेल्याशिवाय मी जाणार नाही. शेवटच्या दिवशी हेच बोलली. तर आता आधी क्लारा, मग आई, मग मी. माझं तुम्ही नंतर करा, घाई नाही. पण एक तारखेच्या आत तिघींची सोय व्हायला हवी."

मी रुमाल उलगडून फूल त्यांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी फूल खिडकीकडे धरलं. मग म्हणाल्या, "किती नाजूक केलंत. आईपेक्षा चांगलं." त्यांचे डोळे भरले होते. "उरलेले केस द्या ना. फुलाला सगळे लागले नसतील. थोडे मी जवळ ठेवीन."

याचा मी विचार केला नव्हता. पर्समध्ये त्या लडीचा तुकडा होता, फूल दुरुस्त करावं लागलं तर असावा म्हणून आणलेला. मी तो दिला. आता वाटतं, संपले म्हणायला हवं होतं. पण आणखी एक खोटं जिभेवर येईना.

त्यांनी भिंग घेतलं. एक केस वेगळा काढला, चिमटीत धरून पुढे-मागे चोळला, टोकाशी आणला, पाहिला. दुसरा काढला. तिसरा.

"रात्री जेवणं झाली की आई आम्हा दोघींना केस निवडायला बसवायची," त्या म्हणाल्या. "गळलेल्या केसाला मुळाशी पांढरा ठिपका असतो. तो बघून मुळं एका बाजूला लावायची. तुमच्या आत्यानेही हेच शिकवलं असेल."

"हो."

"याला मूळ नाही. हे कापलेले केस आहेत." भिंग खाली ठेवलं. "क्लाराने केस कधी कापले नाहीत."

मग मी सगळं सांगितलं. डबी, पिशवी, बुधवारची गाडी, डेपो, टोपांचं दुकान. बातमी द्यावी तसं क्रमाने सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला ते सांगताच आलं नसतं. त्या माझ्याकडे न बघता ऐकत होत्या.

"थुंकलात?" त्यांनी मधेच विचारलं.

"आमच्यात तसं करतात. कुणाच्या हाती पडून त्या बाईवर काही करणी होऊ नये म्हणून. तिला बाधू नये म्हणून."

"तिला बाधू नये म्हणून," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरातला फ्रिज सुरू झाला, थोडा वेळ घुरघुरला, बंद पडला.

"तर मग आम्ही तिघीही बाहेरच," त्या म्हणाल्या.

"आईचं फूल आज करते मी. क्लाराची जागा तशीच ठेवू. आईचं तिच्या बाजूला लावू."

"आई काय म्हणाली ते आत्ताच सांगितलं तुम्हाला."

"मिस क्रायडर, त्यांनी हे असं होईल हे कुठे—"

"तिने एकच गोष्ट मागितली होती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, खांद्याकडे. वेणी पुढे आली होती.

"तुमचे द्या," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही.

"आज सकाळी विंचरलेत ना? उद्याही विंचराल. त्यातले. क्लाराच्या जागी कुणीतरी बसायला हवं. कापलेले नकोत, दुकानातले नकोत. ज्या माणसाच्या हातून ती गेली, त्याचे असले तर मला वाटतं आई चालवून घेईल. रंगाचं काही नाही. मग आईला आत येता येईल, मला येता येईल. मी तुम्हाला शिक्षा करत नाहीये, मिसेस कुमुद. मला दुसरं काही सुचत नाही."

मागणी न्यायाची होती. मला ते तेव्हाही कळत होतं. रोज सकाळी जे मी गुंडाळून फेकते तेच त्यांना हवं होतं. मी शिकलेली होते. करणीबिरणीवर माझा विश्वास नव्हता, हे मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. पण त्या चौकटीत सगळी मेलेली माणसं होती, आणि मधली जागा सगळ्यात शेवटी गेलेल्याची होती. माझा हात वेणीवर गेला आणि मी ती पाठीमागे टाकली.

"माझी मुलगी चार वर्षांची आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "हो. ते मी विसरले." टोपांच्या दुकानातलं फूल त्यांनी माझ्या रुमालावर परत ठेवलं आणि रुमालाची चारी टोकं नीट दुमडली. "मीही दिले नसते. मागायलाच नको होतं."

त्यानंतर त्यांच्या माझ्याशी वागण्यात काहीच फरक पडला नाही. कॉफी करून द्यायच्या. कोणती पेटी कुणाच्या लग्नातली, कोणती रजई किती बायकांनी मिळून शिवली, ते सांगायच्या. मी टाइप करायचे. चौकट टेबलावर तशीच उघडी होती. तिच्याबद्दल आम्ही दोघी बोलत नव्हतो, आणि जेवणाच्या खोलीतून जाताना मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने जायला लागले. त्या पंधरवड्यात मी तीनदा ह्यांना सांगायला गेले आणि तीनदा दुसरंच काही बोलले. ह्यांनी 'दे की, त्यात काय' म्हटलं असतं, किंवा 'वेड लागलंय का' म्हटलं असतं. दोन्ही मला ऐकायचं नव्हतं.

एक नोव्हेंबरला सकाळी विंचरून झाल्यावर मी गुंतवळ फेकलं नाही. कागदाची पुडी केली आणि पर्समध्ये टाकली. निश्चय केला होता असं म्हणता येणार नाही. पुडी केली एवढंच.

दहा वाजता वृद्धाश्रमाची गाडी आली. संग्रहालयाचे मिस्टर विव्हर यादी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होते. सभ्य, तपशीलवार माणूस, कधी कुणाला दुखवलं नसेल. जेवणाच्या खोलीत येऊन त्यांनी चौकट पाहिली.

"ही अजून उघडी?"

"काच पुसायची राहिली होती."

"बसवून टाका आता. अकराला सह्या आहेत. मधला भाग रिकामा का, काही कळलं? कार्डावर कारण हवं."

मिस क्रायडर कोट घालून दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि काठी टेकत गाडीकडे गेल्या.

"नाही," मी म्हणाले. "कळलं नाही."

विव्हर पुढच्या खोलीत गेले. खोलीत मी एकटीच. तारेचं रीळ माझ्याजवळ होतं. एका साध्या कळीला वीस मिनिटं पुरली असती, सह्यांना अजून पन्नास मिनिटं होती. मी पर्स उघडली. पुडी बाहेर काढली. उघडलीही. मृदुलाने सकाळी शेजारच्या बाईंच्या दारातून हात हलवला होता, तो मला दिसत राहिला. माझी बोटं चालेनात. पुडी मिटून पर्समध्ये ठेवली, काच पुसली, दोन्ही बाजूंनी, आणि चौकटीत बसवली. मागून पुठ्ठा लावला. बारीक खिळे एका बाजूला चार, अशा चारी बाजूंना. सोळा खिळे ठोकायला मला फार वेळ लागला नाही.

बाहेर विव्हर गाडीच्या खिडकीशी उभे राहून मिस क्रायडरांचे आभार मानत होते. त्यांच्या मांडीवर पर्स होती, पर्सवर दोन्ही हात, आणि हातांखालून जुन्या पाकिटाचा कोपरा दिसत होता.

"घरातलं सगळं यादीत आलं ना?" विव्हरनी मला विचारलं. "काही सुटलं नाही?"

त्या घरातल्या चारशे बारा वस्तू मी नोंदवल्या होत्या. मोडक्या चमच्यांसकट.

"काही नाही," मी म्हणाले.

मिस क्रायडरांनी खिडकीची काच थोडी खाली केली.

"बसवलीत?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. पाकीट आत सरकवून त्यांनी पर्सचा खटका लावला आणि ड्रायव्हरला सांगितलं, "चला, आम्ही तयार आहोत."